टेबलाच्या खणातला कागद

साठ सालच्या आसपास मी कोकणातल्या तळा गावच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. हे सांगताना आजही मान खाली जाते.

जवळच्या वाडीतला एक शेतकरी आंबे उतरवताना डोक्यावर पडला. जखम मी शिवली, ती भरलीही. पण नांगरणीला तो सावडीला जाईना. सावड म्हणजे आज सगळे तुझ्या शेतात, उद्या तू त्यांच्या. हा सकाळी हो म्हणायचा आणि दुपारी भलतीकडेच सापडायचा. वाडीची माणसं मला विचारायला आली, "ह्यो आजारी हाय का सोंग करतोय?" मी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी ठोकली आणि सांगून टाकलं, "ठणठणीत आहे. निव्वळ कामचुकारपणा!" त्यांनी त्याला सावडीतून काढला.

त्याची बायको मात्र हटेना. "डॉक्टरसायब, जेवल्यावर हात धुतात नि परत ताटावर बसतात. ह्ये सोंग न्हाय." तिची कटकट टळावी म्हणून मी त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासायचे. ठोकळे जुळवा, आकडे उलटे म्हणा. आम्ही डॉक्टर त्याला पोरखेळ म्हणायचो. चिठ्ठीत मी वर शहाणपणा केला: 'सोंग असावं, तेवढं कळवा.'

चार पानी अहवाल आला. जुनं सगळं आठवतं, नवं टिकत नाही. माराचाच परिणाम, सोंग अजिबात नाही. एका वेळी एकच काम द्यावं, सोबत कुणी असावं. मला दहा मिनिटांत न दिसलेलं त्यांनी दोन दिवस बसून शोधलं होतं. आणि मी काय केलं? कागद खणात कोंबला. वाडीसमोर चुकलो म्हणायचं कुणी?

लावणी सुरू झाली. बाई भर पावसात विचारायला आली, "आला का कागद?"

"नाही अजून."

असं दोनदा झालं. वाडीची शेतं भराभर लावून होत होती आणि ही दोघंच चिखलात. कागद आल्यापासून बाराव्या दिवशी मला राहवेना. वाडीवर गेलो, सगळं वाचून दाखवलं, फक्त तारीख गाळली. दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी त्यांच्या शेतात उतरली. पण रोपं जून झाली होती. त्या साली निम्म्याहून अधिक पळिंजच निघालं, दाणाच भरला नाही.

कापणीनंतर बाई दवाखान्यात आली. पाया पडली. म्हणाली, "मुंबयवाल्यांनी कागद उशिरा धाडला, त्याला तुमी तरी काय करनार?"

"हो ना," मी म्हणालो.