आखाजीच्या बारागाड्यांचा फोटो

एरंडोलला अभिमनचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, यांत त्याचं बरं चाललं होतं. पण सत्याऐंशीच्या आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, जळगावच्या एका दैनिकातल्या पंडित नावाच्या उपसंपादकाने त्याच्या डोक्यात खूळ भरवलं.

"बारागाड्यांचा फोटो आणा, छापतो. मात्र ओळीत उभी माणसं नकोत. घडतंय ते दिसलं पाहिजे."

आखाजीच्या दिवशी अभिमन जवळच्या खेड्यात उन्हातच पोचला. बारा बैलगाड्या एकीला एक जोडून माणसांनी खच्चून भरल्या होत्या, आणि देवाच्या नावाने कौतिक भगत कमरेला दोर बांधून त्या ओढणार होता. पण अभिमनने कॅमेरा काढला की समोरचं सगळं थांबायचं. झोके घेणाऱ्या बायका खाली उतरून पदर सावरू लागल्या. हळद लावून घेणाऱ्या भगताने कपाळ पुसून मान ताठ केली.

"कॅमेराकडे देखू नका, तुमनं काम करा," अभिमन हात जोडून म्हणाला.

मोतीलाल नाना, गावातले वडीलधारे, पुढे आले. "फोटू काढी ऱ्हायना अन् देखू नका म्हनस? हाऊ काय फोटू शे?"

नाना कॅमेऱ्यासमोरून हलेनात. लहानपणापासून त्याच्या घरच्या लग्नकार्याला उभे राहिलेले नाना; त्यांना बाजूला व्हा म्हणायला त्याची जीभ रेटेना.

एवढ्यात गर्दीतून आरोळी उठली आणि गाड्या हलल्या. अभिमनचा कॅमेरा जुना, वरून काचेत वाकून बघायचा. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. स्टुडिओत बसलेल्या माणसाला त्याने काही बिघडत नसे. इथे मात्र भगत एकीकडे धावला आणि अभिमनने कॅमेरा दुसरीकडे फिरवला. चुकलं कळून तो वळला, धक्के खात धुळीत पळाला, बटण दाबत गेला. रोल संपला तेव्हा गाड्या गावच्या मंदिरापाशी पोचल्याही होत्या.

फोटो धुतल्यावर बहुतेकांत धूळ नि माणसांच्या पाठी निघाल्या. एकच स्वच्छ आला होता: मधोमध मोतीलाल नाना, हात सरळ, नजर कॅमेऱ्यात.

जळगावला पंडितने तो टेबलावर ठेवला. "अभिमनभाऊ, गाड्या कुठे आहेत?"

"मागे आहेत. चाक दिसतंय बघा."

पंडितने फोटो परत त्याच्याकडे सरकवला. बातमी फोटोशिवाय छापून आली.

परत आल्यावर अभिमन दोन दिवस त्या रोलच्या निगेटिव्ह पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत राहिला. बायको, कमलबाई, जेवायला बोलवायची तर म्हणायचा, "नंतर." त्या गर्दीत एक माणूस जरी आपल्या कामात राहिला असता, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

तिसऱ्या दिवशी नाना फोटो न्यायला स्टुडिओत आले. उजेडात धरून त्यांनी तो मनसोक्त न्याहाळला.

"झकास! मांगे गाडानं चाक बी दिसस," ते म्हणाले. "मोठा करी दे, भिंतीवर लावसू."

अभिमनने मान खाली घातली आणि हातातल्या बारशाच्या फोटोची कडा जरा जास्तच जोरात कापली.