पडद्यावरची पाठ

वेल्ह्याच्या गडाखाली ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग आलं, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे तिकडे चार दिवस कामाला गेले आणि सोललेली पाठ घेऊन घरी आले. म्हणाले, "करवंदीच्या जाळीत पडलो." करवंदीचे ओरखडे बोटाएवढे जाड नसतात, हे काय मला कळत नव्हतं? पण नव्या नवरीनं विचारायचं तरी किती? मी हळद-तेल लावत राहिले. सदरा पाठीला चिकटायचा, ओढून काढावा लागायचा.

पुढच्या वर्षी तो सिनेमा भोरला तंबूत लागला. त्याआधीच शेजारचे मास्तर पुण्याच्या पेपरातलं गावभर सांगत सुटले होते. बाकी सिनेमा यथातथाच, पण कैद्याला आसूड मारतात तो प्रसंग अगदी खरा वाटतो. एवढा मार खाऊन गडी हूं की चूं करत नाही, असं छापून आलं होतं म्हणे. ह्यांनी ते ऐकलं आणि "त्यात काय बगायचंय?" एवढंच म्हणाले. मीच हट्टानं नेलं.

पडद्यावर खांबाला बांधलेल्या कैद्याची नुसती पाठ दिसत होती. खांद्याखाली बैलाचं शिंग लागल्याचा व्रण. ती पाठ मी रोज चोळत होते. पहिला आसूड बसला आणि कातडी फाटली. रंग नव्हता तो. तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या, टोप्या उडाल्या. आमच्या पुढचा एक बाप्या उभा राहून ओरडला, "वन्स मोअर!" आणि मशीनवाल्यानं खरंच रीळ मागं घेतलं. पुन्हा तेच फटके.

माझं डोकं फिरलं. वहाण काढली आणि त्याच्या टाळक्यात घातली. तो वळला तशी थोबाडावर हाणली. नाकातून रक्त आलं तरी मी थांबले नाही. कुणीतरी माझे केस धरले, त्याच्या हाताला मी कडकडून चावले. "माजा मालक हाय त्यो!" मी ओरडत होते, आणि मागचे लोक म्हणत होते, "ए बाई, खाली बस, दिसंना." शेवटी ह्यांनीच दंडाला धरून मला बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर सगळा राग ह्यांच्यावर निघाला. "येवढं मारलं, आन् तुमी साधं वरडला बी न्हाई?"

"वरडलो की," हे म्हणाले. "पयल्यांदा वरडलो. दुसऱ्यांदा बी वरडलो. शिनेमाचे सायेब म्हनले, कैदी वरडत न्हाई, आन् परत मारायला लावलं. वरडायचा थांबलो, तवा सोडलं."