चंदेरी पावडरीवर आत्याबाईंची बोटं

या गं, जरा जवळ सरका. अंकामागून अंक भुताच्या गोष्टी वाचता अन् वर मलाच बोलता, "मावशी, तुम्ही काहीच कसं लिहीत न्हाई?" लिहिते की! पण आधीच सांगते, आम्ही बौद्ध माणसं, भूतखेत मानत न्हाई. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तर कुणी भुताचं नाव काढलं की खराटाच उचलायच्या.

त्या गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. दुष्काळ... रानात काम न्हाई. मी उदगीरबाहेरच्या एका कारखान्यात लागले. तिथं ॲल्युमिनियम दळून चंदेरी रंगाची पावडर करायचे. नवा जिल्हा, नवी हापिसं, प्रत्येक फाटकाला चंदेरी रंग पाहिजे! माझं काम चाळायचं. पावडर मैद्याहून बारीक लागायची. चिमूटभर वाटीतल्या पाण्यावर टाकायची. तरंगून आरशासारखी पसरली तर पास, बुडाली तर नापास.

माझी दोनदा बुडाली.

शिवाप्पा मुकादम म्हणाला, "अक्का, उद्या बुडाली तर तू घरी. अन् दुष्काळात दोन वाट्या पाणी नासवलंस ते येगळंच!"

घरात तीन लेकरं, चूल माझ्याच कामावर. आत्याबाई आठवल्या. जन्मभर त्यांचा एकच टोमणा — "पीठ चाळायलीस का जोंधळा बडवायलीस?"

तिसऱ्या दिवशी दुपारी अर्धा डबा चाळायचा ठेवून भाकर खायला बाहेर आले. मुकादमानं खोलीला कुलूप घातलं अन् किल्ली कमरेला लावून आमच्यासमोरच बसला. खोलीत पंखा न्हाई, खिडकी बंद.

परत येऊन बघते तर... डबा रिकामा! सगळी पावडर चाळून परातीत. चाळणी भिंतीकडं तोंड करून टांगलेली. अन् ढिगावर चार बोटांचा ठसा — मधलं बोट अर्धंच.

पीठ कुणी चोरलं तर कळावं म्हणून आत्याबाई रोज ढिगावर चार बोटं दाबायच्या, अन् चाळणी अशीच भिंतीकडं तोंड करून टांगायच्या. त्यांचं मधलं बोट विळ्यानं तुटलेलं!

"कोण आलतं गं?" मुकादम.

"आमच्या सासूबाई."

"मंग त्यांचाच अर्ज आण. त्यांना ठेवू!"

चिमूट टाकली. वाटीत मुकादमाच्या मिशा दिसायला लागल्या. पास!

दुसऱ्या दिवशी मी लबाडी केली. मुद्दाम आख्खा डबा ठेवून गेले. आले तर डबा तसाच, चाळणी तेवढी दारात येऊन पडलेली. म्हणजे, "कर आता तूच!" मग मी त्यांच्यासारखं मनगट हलकं धरलं, दणके देणं सोडलं. तरंगली की! कारखाना बंद होईस्तोवर पुन्हा कधी बुडाली न्हाई.

भूत नसतं, हे मी आजही म्हणते. मग ती बोटं कुणाची? कारखान्यात तसं तुटकं बोट कुणाचंच नव्हतं.

तुम्ही या एकदा उदगीरला, लवकर या. अजून मी ज्वारी दळून आणली की झोपताना पिठावर माझी चार बोटं दाबते, पुरी चार. सकाळी बघावं तर मधलं अर्धंच, म्हणून झाकण उघडायला सोबतीला कुणी पाहिजे. आमचे हे म्हणतात, एक बोट तूच दुमडतीस.