दोराला हात लागला की वाटा

आगबोट मालवणच्या धक्क्याला लागत नाही, दूर पाण्यातच उभी राहते, हे मला मुंबईत कुणी सांगितलं नव्हतं. उन्हात किल्ल्याचा तट दिसला तशी ‘आलं एकदाचं!’ म्हणून मी पिशवी उचलली, तर खाली मचवा (माणसांना काठाला नेणारी होडी) डुचमळतोय आणि त्यातला खलाशी ओरडतोय, “उडी मारा बाईनू, उडी!” साडी नेसून उड्या मारायचं माझं वय राहिलं नव्हतं. पण मारली. गुडघ्यापर्यंत भिजले. फायलींची पिशवी तेवढी डोक्यावर धरून वाचवली.

त्या फायलींसाठीच तर आले होते. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि आमच्या खात्याकडे प्रौढ अपंगांना दरमहा मदत द्यायची नवी योजना आली होती. अर्ज मी तपासत असे. मालवणकडचे अर्ज मोठे चमत्कारिक. एका रकान्यात ‘दोन्ही पाय निकामी’ किंवा ‘डोळ्यांनी दिसत नाही’, आणि पुढे ‘काम करता येते काय?’ याला उत्तर – ‘होय. रापण ओढणे.’ काम येतं त्याला मदत नाही, असा नियम. अर्ज नामंजूर! साहेब म्हणत, लोक थापा मारतात. अहो, पण थाप मारायचीच तर माणूस स्वतःच्या फायद्याची मारील की! हे कोडं काही सुटेना, म्हणून साहेबांच्या मागे लागून दौरा पदरात पाडून घेतला.

बाजारापलीकडच्या खाणावळीत बांगड्याचं तिखलं (त्रिफळं घातलेला दाट रस्सा) असं जेवले की उठवेना. तरी कचेरीत गेले. तिथला अर्ज भरून घेणारा कारकून भला माणूस, पण ‘हे असं कसं लिहिलंत?’ हे माझं बोलणं त्याला लागलं. “बाई, मी विचारतो, ते सांगतात, मी लिहितो. माझ्या पदरचं एक अक्षर नाही. उद्या सकाळी किनाऱ्यावर जाऊन तुम्हीच बघा. भिकाजी कोण म्हणून विचारा.”

सकाळी गेले. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीने समुद्रात अर्धा वेढा घालून ते सोडतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसं ओढत बसतात. बाप्ये, बाया, म्हातारे, सगळे. दोराच्या मागच्या टोकाला एक चाळिशीतला माणूस वाळूत बसला होता, पाय बारीक काटक्यांसारखे दुमडलेले. हा भिकाजी. आगबोटीवर खलाशी होता, डोलकाठीवरून पडला, तेव्हापासून कंबरेखाली सगळं गेलं. त्याला दोघे उचलून आणून बसवतात आणि येणारा ओला दोर तो वेटोळी घालत गुंडाळतो. हात इतके चपळ की बघत राहावं.

“बगतास काय बाईनू? हात लावा दोराक,” तो म्हणाला. “हात लागलो की वाटो गावता.”

गंमत म्हणून मी लावला. तळहात सोलवटले. जाळं काठाला आलं, मासळीचे वाटे पडले, आणि माझ्याही पुढे सहा बांगडे! नको म्हटलं तर माणसं रागावली. दुसरं काहीच नव्हतं, शेवटी फायलींच्या पिशवीत घातले. मग कळलं, इथला रिवाजच असा आहे. जाळं काठाला लागायच्या आत ज्याचा हात दोराला लागला तो रापणीचा. आंधळ्याला हाताला धरून आणतात, पांगळ्याला उचलून आणतात, पण हात ज्याचा त्याने लावायचा.

कोडं सुटलं म्हणून मी खुशीत भिकाजीच्या घरी गेले. बायको सगुणाबाई पेज वाढत होती. मी म्हटलं, “भिकाजी, ‘काम करता येत नाही’ असं मी लिहिते, तुम्ही अंगठा उठवा. मंजुरीचं माझ्याकडे लागलं.”

तो एकदम ताठ झाला. “माका चलूक येणा नाय. पण काम करूक येणा नाय, असा कोणी सांगल्यान? आज माका वाटो गावता. ह्या कागदार आंगठो दिलो तर उद्या तोच वाटो भीक म्हणान गावतलो.”

“मग मदत मागितलीत कशाला?” मी जरा चिडूनच विचारलं.

उत्तर सगुणाबाईने दिलं. “पावसात दर्यात रापण खंय जाता? नारळी पुनवेसर सगळा बंद. बाकीचे लावणेक जातत. हे चिखलात खंय जातले? गेल्या पावसात ह्यांनी रातीचा जेवान सोडल्यानी. माका म्हणत, भूक नाय.” तिने फळीवरून एक घडी केलेला कागद काढला. “ह्यो तुमच्या हापिसाचो कागद. खाली सही करणारो सायब कोण? वळाखतास काय?”

कागदावर ‘नामंजूर’ होतं, आणि खाली माझी सही.

खोटं बोलता आलं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, “तो साहेब मीच.”

सगुणाबाई म्हणाली, “बायल माणूस आसान तुमी ह्या केलास?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनेच वाडगा माझ्याकडे सरकवला. “पेज निवता. खावा आदी.” ती पेज मी कशी गिळली माझं मला ठाऊक.

परतताना एस.टी. धरली. कट्टा नावाच्या गावी गाडी बराच वेळ थांबली, तिथे चहा घेता घेता फायलीच्या पाठीवर लिहिलं – ‘वर्षातील कोणत्या महिन्यांत काम मिळत नाही? त्या महिन्यांत घर कसे चालते?’ इतका साधा प्रश्न, पण तो सुचायला मला समुद्रात उडी मारावी लागली. घाट चढेपर्यंत शेजारचे प्रवासी बांगड्यांच्या वासाने माझ्याकडे बघत होते. बघू देत.

साहेबांनी कागद वाचून चष्मा काढला. “माणूस काम करतो म्हणता, आणि मदतही द्या म्हणता? हे कसं काय बुवा?”

“साहेब, आपणही काम करतोच की,” मी म्हणाले. “आणि भरपगारी रजाही घेतो.”

ते हसले नाहीत. मात्र नवा प्रश्न अर्जात छापायला गेला आणि जुने नामंजूर अर्ज कपाटातून बाहेर निघाले. एकेक वाचायचा, माझी सही खोडायची, पुन्हा करायची. मृगाच्या आत सगळं उरकायचं होतं. कचेरीतली माणसं घरी गेल्यावरही मी बसत असे, त्याचा कुणी मोठेपणा मानू नये.

भिकाजीच्या पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या मंजुरीचं पत्र मी स्वतः टाइप केलं. सरकारी पत्रात जास्तीचं काही लिहायचं नसतं. तरी सहीखाली पेनाने एक ओळ लिहिली, कारकून वाचून दाखवील अशा बेताने – ‘सगुणाबाई, या पावसात दोघांनीही रात्रीचं जेवायचं.’