बाईंच्या तबकडीतला माझा चुकीचा सूर

कौसल्याबाई खिल्लारे यांची आणि माझी ओळख पूर्णेला झाली, ती भांडणाने. मी रेल्वेतला कारकून, फावल्या वेळात गायन पार्टीत पेटी वाजवणारा. बाई शाळेत शिकवीत आणि स्वतः रचलेली गाणी स्वतःच गात. पहिल्याच तालमीला त्या म्हणाल्या, तुमची पेटी लय बोलते. मी रुसून आठवडाभर फिरकलो नाही. आठव्या दिवशी बाई जयभीम करत घरी आल्या, चहा घेतला आणि मला बरोबर घेऊनच उठल्या.

त्यांच्या साठीच्या या अंकात शाळेबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते त्यांच्या एकुलत्या एका लाँग प्ले तबकडीबद्दल. कंपनीच्या साहेबांना तीन-तीन मिनिटांची गाणी हवी होती. बाईंनी अख्ख्या एका बाजूला एकच गाणे मांडलेले: कापूस वेचणाऱ्या बाईचा एक दिवस, भाकरी थापण्यापासून दिवेलागणीपर्यंत. त्याला ध्रुपद नाही. ढोलकी मध्येच गप्प होते आणि पाखडणाऱ्या सुपाचा आवाज ताल धरतो. ते सूप बाईंनी मुंबईपर्यंत मांडीवर सांभाळून नेले होते. साहेबांनी डोक्याला हात लावला. एकदाच ध्वनिमुद्रण करू, बिघडले तर लहान गाणीच घेऊ, असे त्यांनी स्पष्ट बजावले.

गाण्याच्या मध्यावर डोक्यावर गाठोडे घेतलेली ती बाई दम घ्यायला थांबते. तिथे कुणी काहीच वाजवायचे नाही, हे बाईंनी तालमीत शंभरदा सांगितले होते. पण माझा हात पडला गायन पार्टीवाल्याचा. गाणाऱ्याने श्वास घेतला की ती जागा पेटीने भरायची, हेच आम्ही जन्मभर केलेले. बाई थांबल्या आणि माझे बोट पट्टीवर पडले. एकच सूर, पण चांगला लांबलचक. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि कागदावर नसलेली ओळ गायल्या: कुणी हाक दिली गं, मागं वळून पाहिलं. गाण्यातली बाई मागे वळली. तिला बांधावर थकून बसलेली सोबतीण दिसली. तिथून पुढच्या साऱ्या ओळी बाईंनी गाता गाता जुळवल्या.

बाहेर आल्यावर मी माफी मागू लागलो. त्या म्हणाल्या, "वाजलं ते बरंच झालं. माझी बाई एकलीच घरी जायलती. तुमी हाक मारली म्हणून दोघी गेल्या."

तबकडी फारशी खपली नाही. कार्यक्रमात लोक अजून लहान गाणीच मागतात आणि बाई हसून गातात. मात्र परभणीच्या एका सभेत एका प्राध्यापकांनी त्या सुराची फार तारीफ केली. ते पेटीमास्तरांना सुचलं, असे बाईंनी भर सभेत सांगितले आणि मी मान खाली घालून हार घालून घेतला. आज कबूल करतो, सूर चुकला होता. बाईंनी इतके दिवस माझी इभ्रत राखली, हे मी विसरणार नाही.

ते मोठे गाणे कधी गायले, तर आता त्या जागी बाईंना जरा जास्त दम घ्यावा लागतो. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट पाहतो आणि जीव थोडा घाबरतो. बाई, हवा तेवढा दम घ्या. पंच्याहत्तरीलाही तिथे अशाच थांबा, आणि माझे बोट पट्टीवर जाण्याआधी पुढची ओळ तुम्हीच उचला.