जोडीनं या

"जोडीनं या." तपासून झालं की आमच्या मॅडम एवढंच म्हणायच्या आणि टेबलासमोरचं दुसरं स्टूल हातानं पुढे सरकवायच्या. त्यावर कुणी बसलेलं नसायचंच.

नारपोलीत कापडाच्या लूमच्या खडखडाटात त्यांचा दवाखाना, आणि मी तिथली नर्स. अंगावरून पांढरं जातं म्हणून बायका यायच्या, औषधानं बऱ्या व्हायच्या आणि महिनाभरात तोच आजार घेऊन परत. नवरा औषध घेत नाही तोवर हे असंच चालणार. पण नवरे कसले येतात! असे शूर गडी तुम्हीही पाहिले असतील. "सत्यनारायणाला बसता ना जोडीनं? मग इथं कसली लाज?" मॅडम करवादायच्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा एकट्याच यायच्या.

खारबावची एक होती. दोनदा दिवस राहून गेले होते. मूल हवं तर आधी दोघांचा संसर्ग जायला हवा, हे मॅडमनी तिला परोपरीनं सांगितलं. नवरा गोदामाचा टेम्पो चालवायचा. "ते न्हाय येत. बोलतात, मला काय झालाय?"

शेवटी मॅडमनी नवऱ्याच्या गोळ्याही तिच्याच हाती दिल्या. ती गेल्यावर वरच्या मजल्यावरचे डॉक्टर चहाला आले, त्यांना हे कळलं आणि ते उखडलेच.

"न तपासलेल्या माणसाला औषध? रिॲक्शन आली तर?"

"खरंय तुमचं," मॅडम म्हणाल्या. "पण हिला बरी करून परत आजारातच धाडू?"

दोन आठवड्यांनी ती आली. तोंड उतरलेलं, सारखी मळमळ. दोन्ही पाकिटं रिकामी.

"नवऱ्यानं घेतल्या?"

"न्हाय. त्यांनी फेकल्या. मीच उचलून खाल्ल्या. तुम्हीच बोललात ना, दोघांच्या संपल्या पायजेत."

एरवी मॅडम ओरडल्या असत्या. त्यांनी नुसता तिचा हात धरला. मला रडू आवरेना. त्या दिवशी पुढच्या एकाही बाईला त्या "जोडीनं या" म्हणाल्या नाहीत.

उन्हाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. मी दवाखाना आवरत होते, तेव्हा ती दारात उभी. मागे हेल्मेट हातात धरून एक पुरुष, अवघडलेला.

"मॅडम हायत ना? आज जोडीनं आलोय. आता यांना पन तरास हाय."

मी सवयीनं दोन्ही स्टुलं पुढे सरकवली. दोघं बसली आणि मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत वाट पाहू लागली.