दादाची बंद बरणी

कापसाच्या वखारीत कितीही झाडा, रुई कोपऱ्यात येऊन साचतेच. दादाच्या गोष्टींचंही तसंच. एक सांगायला बसलो की चार अंगावर येतात! दादा पटकीच्या साथीत गेला. सकाळी होता, दिवेलागणीला नव्हता. दीड महिना झाला. रडू नको, म्हणतात सगळे. बरं, नाही रडत. पण गोष्टी तर सांगू द्याल!

अकोल्यात आम्ही दोघे भाऊ एकाच वखारीत गाठी बांधायचो. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. दादाचं लक्ष मात्र भलतीकडेच! सुट्टीच्या दिवशी तो रेल्वेच्या साहेबाकडे सामान उचलायला जायचा आणि येताना एकेक नवल ऐकून यायचा. "करून पाहू," हे त्याचं ठरलेलं.

*

थंडीचे दिवस. दादानं लाखेची कांडी घोंगडीवर खसाखसा घासली आणि रुईजवळ नेली. रुई टुणकन उडून कांडीला! मी ओरडलो, "भानामती!"

आमचे मुकादम रहीमचाचा खो खो हसले. दादानं हळूच कांडी त्यांच्या दाढीजवळ नेली. केस ताठ उभे!

"अबे, हे काय करून राहिला?"

"ढगात वीज कडाडते ना चाचा, तिची लहानी बहीण हाय हे."

चाचा दोन पावलं मागे सरले. "मंग सांग तिले, माह्या दाढीपासून दूर राय!"

*

गावाबाहेर रूळ टाकणं चाललं होतं. दादा मला दाखवायला घेऊन गेला. पाहतो तर दोन रुळांच्या मधे फट!

"लोखंड चोरलं कोणी तरी!" मी म्हणालो.

"चोरलं नाई. उन्हात लोखंड लांब होते. त्याच्यासाठी जागा सोडली."

"लोखंड काय काकडीची वेल हाय वाढाले?"

लागली पैज. सकाळी मी फटीत तुरीची बारीक काडी सोडली. भर दुपारी काढायला गेलो, तर रुळांनी ती दातांत धरलेली! मी जोर लावून ओढली, काडी तुटली आणि मी उताणा.

दादा वरून वाकून म्हणाला, "वाढली वेल!"

*

एका गाडीवानानं लोणारच्या खाऱ्या तळ्यावरून पापडखार आणला होता. दादानं चिमूटभर खार पाण्यात टाकला आणि वर लिंबू पिळलं. फसफस फसफस!

"पाय, यातून हवा निघून राहिली. पिऊ..."

'नको' म्हणायच्या आत मी गटागटा पिऊन मोकळा! मग जो ढेकर आला, गाडीचे बैल बुजले.

दादा म्हणाला, "घ्या! अकोल्यात रेल्वे आली!"

*

एका अडत्यानं वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारलं आणि तशाच गाठी बांधून घेतल्या. दादानं एका गाठीत लोखंडी सळई खुपसली, जरा वेळानं ओढली आणि अडत्याच्या हातात दिली. अडत्यानं ती चटका बसून फेकलीच!

"गाठीले ताप आला काय रे?"

"येणारच शेठ. तुमीच आंघोळ घातली तिले!"

गाठ फोडली, तर आतून वाफ. अजून दोन दिवस गेले असते तर अख्खी वखार पेटली असती. तेव्हापासून प्रत्येक गाठीला दादाची सळई लागायची. आता ती मी लावतो.

*

आता ही बरणी.

पोळा झाला आणि दादा साहेबानं टाकून दिलेली मोठी काचेची बरणी घेऊन आला. तळाशी काळी माती, थोडं पाणी, एक सरकी. मग त्यानं बरणीत लांब फुंकर मारली, बूच ठोकलं आणि वरून मेण ओतलं.

"फुंकर काहून?"

"आपण सोडलेला श्वास झाड खाते. त्याची शिदोरी हाय ते."

"अन् पाणी?"

"ढगावानी वर जाईन, पावसावानी खाली येईन. लहानी दुनियाच हाय हे, गणू."

चाचा म्हणाले, आठ दिवसांत मरते. मी चाचांच्या बाजूनं! पण सरकी उगवली. दोन पानं, चार पानं. सकाळी काचेवर थेंब.

मग दादा गेला. झाड राहिलं.

ते वाढत गेलं, शेंडा बुचाला लागून वाकला. पानं पिवळी पडायला लागली. चाचा रोज म्हणायचे, "खोल पोरा, मरून राहिलं ते."

"खबरदार कोणी हात लावला तर! दादाचा श्वास हाय त्यात."

परवा चाचांनी बरणी माझ्यासमोर ठेवली. "बेटा, तो श्वास तं झाडानं कवाच खाल्ला असंन."

"सारा?"

चाचांनी बाहीनं बरणीची काच पुसली.

"सारा खाल्ला काय, चाचा?"

"मले नाई मालूम."

"करून पाहू," मी म्हणालो.

सुरीनं मेण खरवडलं. छातीतली होती नव्हती तेवढी हवा बाहेर टाकली. नाक बुचाला टेकवलं, बूच उपटलं आणि एका दमात श्वास आत ओढला.

"सोड आता," चाचा म्हणाले.

मी सोडला नाही. कान वाजायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अबे सोड, गणू! मरशीन!"

मग मी बरणीवर वाकलो आणि झाडावर हळूच फुंकर मारली.